सूतभर

आमच्याकडे मापाची वही नाही, गठ्ठा आहे.
जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, सुतळीनं बांधलेल्या,
प्रत्येकीवर शिसपेन्सिलीनं काढलेलं पाऊल
आणि टाचेच्या पोटात गिऱ्हाइकाचं नाव.
नवरा कातडं कापतो, मी वेणी घालते.
माप मात्र माझंच.

कुमुदिनी चौगुले, शाहूपुरी पोस्ट.
दर दिवाळीला एक कापशी जोड.
पहिल्या कागदावर पाच नंबर,
दुसऱ्यावर सहाला टेकलेला.
"चालून चालून पाय पसरला, दुसरं काय."
दिवसभर खुर्चीत बसून शिक्के मारणारी बाई.
मी बोलले नाही. जोड खपत होता.

मग सात.
मग बायकांच्या फरम्यात पाऊल बसेना,
मागच्या खोलीत जाऊन
पुरुषांचा फरमा काढला मी, आवाज न करता.

त्याच साली कासारानं साबण लावून हात दाबला
तर चार बांगड्या वाढल्या.
फुटल्या म्हणायचं नसतं.
आपल्यात जे मोडतं ते वाढतं:
बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, दिवा वाढवतात.
पण बाईच वाढायला लागली
तर तिला काय म्हणायचं
हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.
घरचे म्हणाले, अंग धरलंय.
आवाज घोगरा झाला तर म्हणाले,
तिकिटं चाटून चाटून झाला असंल.

एका दुपारी लाईट गेली.
काम थांबलं म्हणून गठ्ठा सोडला
आणि तिचे पाच कागद खिडकीवर धरले, एकावर एक.
पाच पावलं, एकात एक,
बाभळीच्या बुंध्यातल्या वेढ्यांसारखी.
चाळिशीतल्या बाईचं पाऊल वाढतंय व्हय?
पोराचं वाढतं. वासराचं वाढतं.
संध्याकाळी तिच्या पिशवीत कागद घातले.
"डॉक्टरला दाखवा. माझं नाव सांगू नका."

सीपीआरमधल्या खतीब बाईंनी पहिलं नावच विचारलं माझं.

डोक्याच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यावर बसलेली गाठ.
मिरजेला नाकातून काढली,
पण रक्तवाहिनीला बिलगलेली चिमूटभर राहिली
आणि तेवढीसुद्धा वरून हुकूम सोडत होती, वाढ, वाढ,
आणि खाली यकृत बिचारं ऐकत होतं.

म्हणून महिन्याला एक सुई.
फ्रीजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवायची,
तेवढ्यात त्या आमच्यासाठी चहा टाकतात.
खतीब बाईंनी सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं:
शरीरातच एक आवाज असतो, पुरे म्हणणारा,
पण तो दोन-तीन मिनिटांत विरतो.
औषध म्हणजे तोच आवाज,
महिनाभर टिकेल असा केलेला.
मला कळलं ते असं:
एकेरी वादी तुटते, म्हणून वेणी घालायची.

सुरुवातीला पोटात कळा यायच्या.
पित्ताशयाची सोनोग्राफी करावी लागते मधून मधून.
साखर उतरली, घाम उतरला, डोकेदुखी गेली.
अंगठी परत बोटात फिरायला लागली.
हाड मात्र मागं येत नाही.
ताणलेलं कातडं बघत जन्म गेला माझा,
मला ते समजावून सांगावं लागलं नाही.
जबड्यावर हात फिरवून त्या एकदा म्हणाल्या,
"आता हीच मी."
मी वेणीतच मान घातली.
ती दोन वर्षं आठवली, खपलेल्या जोडांची.

परवा आल्या. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी.
पाय कागदावर ठेवला,
जुन्याच कागदावर, माझ्याच सांगण्यावरून.
पेन्सिल फिरवली
आणि ती जुन्या रेघेवरूनच चालत गेली,
टाचेवरून, करंगळीवरून,
फक्त चवड्यापाशी आत आली. सूतभर.
दोघींनी वाकून बघितलं.

"मग काय करू?" मी विचारलं, "कापशीच?"
पिशवीतून मागच्या दिवाळीचा जोड काढला त्यांनी.
"पट्टा जरा आवळा.
आणि टाच झिजलीय, तेवढी बदलून द्या."

चाळीस रुपये झाले.
मी तीस घेतले.